सुकतीला दिसणारं जहाज

बुल्व्हरहाइथला जायचा दिवस मी पंचांग बघून ठरवला. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, हेस्टिंग्ज गावाच्या पश्चिमेला पाचेक किलोमीटरवर ही जागा आहे आणि तिथं जे बघायचं ते रोज दिसत नाही. पौर्णिमा किंवा अमावास्या उलटून एक-दोन दिवस झाले, की उधाणाचं पाणी जितकं वर चढतं तितकंच खाली उतरतं. त्या सुकतीच्या अगदी तळाशी, थोडा वेळ, वाळूतून काळ्या लाकडाची टोकं वर येतात. ते जहाज. नाव ‘आम्स्टरडॅम’. डच ईस्ट इंडिया कंपनीचं, आणि २६ जानेवारी १७४९ पासून इथंच.

मी वेंगुर्ल्याची. आमच्याकडे लहान पोरालाही पुनवेचं उधाण कळतं. होळीची पौर्णिमा होऊन दोन दिवस झालेले, त्यात मार्चचा महिना. दिवस-रात्र सारखी होण्याच्या सुमाराला वर्षातली मोठी उधाणं येतात. लंडनला राहणाऱ्या माझ्या भाचीने मोबाइलवर भरती-ओहोटीचं कोष्टक काढलं, तर पंचांगाशी ते तंतोतंत जुळलं. सुकती सकाळी सहाच्या पुढे. आदल्या रात्री आम्ही हेस्टिंग्जला मुक्काम केला आणि उजाडायच्या आत निघालो.

आमच्या वेंगुर्ल्यात वखार आहे. डच वखार. जाड जांभ्या दगडाच्या भिंती, छप्पर कधीच गेलेलं, भिंतींच्या सांध्यांतून झाडं वर आलेली. शाळेत जाता-येता ती दिसायची. १६३७ साली विजापूरच्या आदिलशाहीची परवानगी घेऊन डचांनी वेंगुर्ल्यात बस्तान बसवलं. गोव्याचे पोर्तुगीज त्यांचे हाडवैरी. गोव्याच्या तोंडाशी नाकेबंदीला उभ्या राहणाऱ्या जहाजांना तांदूळ, पाणी, लाकूडफाटा आणि गोव्यातल्या हालचालींच्या बातम्या मिळायला वेंगुर्ल्यासारखी जवळची जागा दुसरी नव्हती. सतराव्या शतकाच्या अखेरीला ते तिथून उठले. जुन्या मराठी कागदांत त्यांचं नाव वलंदेज. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात टोपीकर सावकारांची यादी येते, तीत फिरंगी, इंग्रज, फरासीस, डिंगमार यांच्या ओळीत वलंदेज बसलेले आहेत. हे लोक इतर सावकारांसारखे नुसते सावकार नव्हेत, त्यांच्या मागे त्यांचे राजे आहेत, असा सावधगिरीचा इशारा तिथं दिलेला आहे. मला वलंदेज माहीत होते ते एवढेच: यादीतला एक शब्द आणि गावातल्या चार भिंती. त्या भिंतींआड राहिलेली माणसं कशी होती, हे मनात कधी आलंच नाही. ते आलं बुल्व्हरहाइथच्या चिखलात उभं राहिल्यावर.

रेल्वेच्या रुळांवरचा पादचारी पूल ओलांडला की समुद्र. पण आपल्यासारखी पुळण नव्हे. आधी गोट्यांची उतरण, पाऊल टाकलं की सरकणारी. मध्ये मध्ये समुद्रात शिरलेले लाकडी बांध. ते संपले की मग वाळू आणि वाळूनंतर राखाडी चिखल. इथं उधाणाला पाणी सहा-सात मीटर चढतं-उतरतं. आमच्याकडे मोठ्या उधाणालाही दोन-अडीच मीटरच्या आसपास. त्यामुळे सुकतीला समुद्र जितका लांब गेलेला दिसला, तितका मी माझ्या गावी कधी पाहिला नव्हता. अंधुक उजेडात पायाखाली काहीतरी मऊ आणि काळं लागलं. भाची म्हणाली, ‘मावशी, हे जंगल आहे.’ खरोखरच जंगल होतं. हजारो वर्षांपूर्वी इथं जमीन होती, झाडं होती. समुद्राची पातळी वाढली, जंगल बुडालं, त्याचे बुंधे आणि पानांचा कुजलेला थर अजून तसाच आहे. त्याच्या पलीकडे जहाज.

पहिल्यांदा बघितलं तेव्हा पडलेल्या कुंपणाचे खुंट वाटले. कुठे वीतभर, कुठे गुडघ्यापर्यंत उंच. शेवाळ चढलेले, कडा झिजलेल्या. मग डोळे सरावले आणि त्या खुंटांची ओळ वळत गेलेली दिसली, समोरून दुसरी ओळ तशीच वळत आली आणि दोन्ही मिळून एक लांबट घेर झाला. मधे साचलेलं पाणी. त्या घेरात पाय ठेवू नये, आतला चिखल माणूस गिळतो, असं आम्हाला बजावलं होतं. बाहेरून मी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पावलं मोजत गेले. साठाच्या जवळपास भरली. ही नुसती वरची कड. खाली, आठ मीटर खोल, जहाजाचा तळ आहे. दोन-तीन मजली घर गाडलं जावं आणि फक्त भिंतीचा माथा वर राहावा, तसं.

हे जहाज १७४८ साली आम्स्टरडॅमच्या ओस्टनबर्ग बेटावर, कंपनीच्या स्वतःच्या गोदीत बांधलं गेलं. त्या काळी कंपनी बांधत असलेल्या सर्वांत मोठ्या जातीचं. कंपनी १६०२ साली स्थापन झाली आणि १७९९ च्या अखेरीला मोडीत निघाली. या दोनशे वर्षांत तिने हॉलंडहून आशियाकडे सुमारे पावणेपाच हजार जहाजं पाठवली आणि त्यांतून जवळपास दहा लाख माणसं गेली. परत आलेली साधारण एक तृतीयांश. बाकीची रोगराईत गेली, बुडाली, किंवा तिकडेच राहिली.

एवढी माणसं आणायची कुठून? हॉलंडमधल्या चांगल्या खलाशांना जवळची, सुखरूप कामं मिळत. कंपनीच्या वाट्याला उरत ते गरजू, आणि अठराव्या शतकात त्यांत जर्मन मुलुखांतून आलेले फार. कामाच्या शोधात शहरात आलेल्या अशा पोराला एखादा खाणावळवाला जागा देई, जेवू घाली, दारू पाजी, आणि भरतीचा दिवस उजाडला की कंपनीच्या दारात उभा करी. पोराच्या डोक्यावर तोवर कर्ज झालेलं असे. कंपनी त्याच्या पुढच्या पगारातून ते फेडण्याचा रोखा लिहून देई. पण कर्जदार वाटेतच मेला तर रोख्याला किंमत नाही, म्हणून खाणावळवाला तो रोखा कमी भावात दुसऱ्याला विकून मोकळा होई. डच लोक अशा माणसांना जीव विकणारे म्हणत. रोख्याला डच भाषेत जो शब्द आहे तो ‘जीव’ या शब्दाशी उच्चाराने जुळतो. त्यातून हे नाव पडलं असं म्हणतात. जुळणी शब्दांची असो वा नसो, व्यवहारात ती पक्की होती. खलाशाचा करार साधारण तीन वर्षांचा, सैनिकाचा पाच वर्षांचा, आणि ती वर्षं आशियात पोचल्यावर मोजायला सुरुवात.

अशी सव्वातीनशेहून अधिक माणसं ‘आम्स्टरडॅम’वर होती. दोनशेवर खलाशी, सव्वाशेच्या आसपास सैनिक, आणि पाच प्रवासी. कप्तान विलेम क्लुम्प, वय ३३. जायचं होतं बटाव्हियाला, म्हणजे आजच्या जकार्ताला. वाट अशी: इंग्लिश खाडीतून बाहेर अटलांटिकमध्ये, दक्षिणेला आफ्रिकेच्या टोकाशी केप, तिथं पाणी-भाजीपाला घ्यायचा, मग दक्षिणेकडच्या सोसाट्याच्या पश्चिम वाऱ्यांवर स्वार होऊन पूर्वेकडे, आणि शेवटी उत्तरेला वळून सुंदा सामुद्रधुनी. सगळं सुरळीत गेलं तर आठेक महिने.

जहाजात कापड होतं, दारू होती, कागद आणि लेखण्या होत्या, मातीच्या चिलमी होत्या, संसारी सामान होतं. बटाव्हियात राहणाऱ्या युरोपियनांना घरची सवय सुटत नव्हती, त्यांच्यासाठी हे. पण जहाजाचा खरा जीव होता चांदीत. नाण्यांनी भरलेल्या पेट्या. युरोपात बनणारं फारसं काही आशियाला नको होतं. मलबारची मिरी, कोरोमंडलचं कापड, बंगालचं रेशीम, मोलुक्कांचं जायफळ आणि लवंग, हे सगळं विकत घ्यायचं तर रोख चांदी मोजावी लागे. अमेरिका खंडांतल्या खाणींतून निघालेली चांदी युरोपातून अशी लाकडी पेट्यांत बसून आपल्याकडच्या बाजारांत येत होती. ‘आम्स्टरडॅम’मधल्या पेट्या फुटल्या असत्या त्या शेवटी कुठल्या तरी विणकराच्या, मळेवाल्याच्या, सराफाच्या हातात.

कंपनीची जहाजं वर्षातून तीन हंगामांत निघत. नाताळच्या सुमाराला निघणारा तांडा त्यातलाच एक. केपनंतरचे आणि हिंदी महासागरातले वारे अनुकूल मिळावेत हा हिशेब, पण त्यासाठी उत्तर समुद्र आणि इंग्लिश खाडी ऐन थंडीत पार करावी लागे. आपल्याकडे आगोटीला तारवं ओढून वर घेतात, नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्रात कुणी जात नाही. गाबित मच्छीमारांचा हा नियम कंपनीच्या संचालकांना माहीत असता तरी त्यांनी तो पाळला नसता, असं त्यांचे हिशेब वाचून वाटतं.

टेक्सेल बेटाच्या आडोशाला जहाज नांगरून होतं. १५ नोव्हेंबर १७४८ ला शिडं उभारली. वारा उलटा फिरला, चार दिवसांत परत. पुन्हा निघालं, पुन्हा डिसेंबरच्या सुरुवातीला परत. माणसं तेवढीच, जागा तेवढीच, थंडी वाढत चाललेली. तळाच्या मजल्यावर उजेड नाही, हवा नाही, कोरडे कपडे नाहीत. अशा कोंडवाड्यात साथ शिरायला काय वेळ लागतो? ८ जानेवारी १७४९ ला जहाज तिसऱ्यांदा निघालं तेव्हा या माणसांनी हॉलंडचा किनारा सोडण्याआधीच दोन महिने जहाजावर काढले होते. केपपर्यंत पुरायची ताकद बंदरातच खर्ची पडलेली.

इंग्लिश खाडीत पश्चिमेकडून वादळ आलं. या जहाजांना वारा अगदी समोरून घेता येत नसे. नागमोडी चालत, एकदा इकडे एकदा तिकडे नाळ वळवत, रोज थोडं पुढे जायचं आणि रात्रीत तेवढंच मागे यायचं. बीची हेडचा पांढरा कडा नजरेसमोर दिवसेंदिवस तसाच उभा. खाली माणसं मरत होती. जहाज किनाऱ्याला लागलं तोवर पन्नासच्या आसपास मेली होती आणि आणखी बरीच आजारी पडून होती. ती प्रेतं खाडीतच सोडावी लागली. ज्या बटाव्हियासाठी ती निघाली होती, त्या दिशेला ही माणसं नीट वळलीही नव्हती.

मग पेव्हेन्सीच्या उपसागरात जहाजाचं बूड खालच्या जमिनीला आपटलं आणि सुकाणू तुटून गेलं. इंग्रज शाळकरी मुलांना पेव्हेन्सी ठाऊक असतं ते १०६६ साठी. नॉर्मंडीचा विल्यम तिथंच उतरला होता. क्लुम्पने नांगर टाकले. सुकाणू नाही, निम्मे खलाशी दोर ओढायच्या लायकीचे नाहीत आणि वारा किनाऱ्याच्या दिशेने. यानंतर जे झालं त्याला कागदोपत्री बंड म्हणतात. माणसांनी हुकूम मानायचं सोडलं आणि दारूचा साठा फोडला. मला हा शब्द जड वाटतो. ज्याला आपण मरणार असं पक्कं वाटतं आहे, ज्याचा शेजारी परवाच समुद्रात सोडला, त्याने मालकाच्या दारूची बाटली फोडली तर त्याला बंड म्हणावं का? कंपनीच्या दृष्टीने तो कंपनीचा माल होता. खरं तर त्या जहाजावर कंपनीच्या मालकीचं नव्हतं असं एकच काय ते, ही माणसं. तीही रोख्यावर लिहून दिलेलीच.

२६ जानेवारीला, रविवारी, नांगरांची पकड संपली. जहाज पूर्वेकडे वाहत गेलं आणि बुल्व्हरहाइथच्या किनाऱ्यात शिरलं. एका अर्थी नशीब चांगलं. खडकावर आपटलं असतं तर तासाभरात चुरा झाला असता. इथं मऊ जमिनीत ते सरळ रुतलं, ओहोटी आली आणि वाचलेली माणसं चालत किनाऱ्याला आली.

तारखेचा एक घोळ इथं सांगायला हवा, कारण त्यातून पुढचं उलगडतं. हॉलंडमध्ये नवं कॅलेंडर चालू होतं, इंग्लंडमध्ये अजून जुनंच. दोन्हींत अकरा दिवसांचा फरक, आणि इंग्रजांचं वर्ष बदलायचं २५ मार्चला. त्यामुळे डच कप्तानाच्या २६ जानेवारी १७४९ ला किनाऱ्यावरच्या इंग्रजाच्या लेखी १५ जानेवारी १७४८ होती. दोघे एकाच वाळूवर उभे, पण वर्ष वेगळं.

आणि याच ससेक्स परगण्यात दुसऱ्या दिवशी, सोमवारी, चिचेस्टरला एक खास न्यायालय बसलं. चोरट्या मालाचा व्यापार करणाऱ्या सात जणांवर खटला. आदल्या वर्षी त्यांनी एका जकात-शिपायाचा आणि साक्ष द्यायला निघालेल्या एका चांभाराचा फार हाल करून खून केला होता. तीन दिवसांत सातही जण दोषी ठरले. हा किनारा असा होता. चहा, दारू, तंबाखू रात्री उतरवून घेणं हा गावंच्या गावं मिळून करायचा धंदा, आणि सरकार तो मोडायला पायदळ-घोडदळ घेऊन बसलेलं. त्या किनाऱ्यावर एक चांदीने भरलेलं जहाज स्वतःहून येऊन लागलं होतं.

माणसं धावली. आसपासच्या गावांतून, जत्रेला निघाल्यासारखी धावली. हाताला लागेल ते घेतलं. सैन्य बोलवावं लागलं. हेस्टिंग्जच्या कारभाऱ्यांनी चांदीच्या २७ पेट्या काढून ताब्यात घेतल्या आणि त्या पुढे कंपनीला परत मिळाल्या. आजाऱ्यांची शुश्रूषाही गावाने केली आणि वाचलेल्यांना नंतर हॉलंडला पाठवून देण्यात आलं. लुटणारा आणि दारी आलेल्या आजाऱ्याला घरात घेणारा गाव एकच होता. कोकणातल्या कुठल्याही किनाऱ्यावर याहून वेगळं घडलं असतं असं मला वाटत नाही. तारू किनाऱ्याला लागलं की ते कुणाचं, हा वाद तेव्हा जगभर सगळीकडे होता. राजा म्हणे माझं, मालक म्हणे माझं, आणि ज्याच्या दारात ते येऊन पडलं तो म्हणे समुद्राने मला दिलं.

बाकीचा माल मात्र निघाला नाही. कारण जहाज खाली जाऊ लागलं. वर वाळू दिसते, पण तिच्याखाली मऊ मातीचा आणि चिकणमातीचा खोल थर आहे. भरतीचं पाणी बुडाशी हलत राहिलं, माती सैल होत गेली आणि आपल्याच वजनाने, तळातल्या दगडी भारासकट, तोफांसकट, ते उभंच्या उभं रुतत गेलं. पाणी आत शिरलं, वाळू भरत गेली. काढायचे प्रयत्न झाले ते थोडक्यात सोडून द्यावे लागले. काही महिन्यांत वरचा भाग समुद्राने फोडून नेला आणि खालचा मातीने झाकला. त्या मातीत हवा पोचत नाही. लाकूड पोखरणारे समुद्री किडे तिथं जगत नाहीत, कुजवणारे जंतूही जवळपास नाहीत. त्यामुळे कंपनीच्या आतापर्यंत सापडलेल्या जहाजांत इतकं धड राहिलेलं दुसरं नाही.

जहाज रुतलं त्याच वर्षाच्या डिसेंबरात साताऱ्याला शाहू महाराज वारले. जहाज रुतल्यावर पाच वर्षांनी, जानेवारी १७५४ मध्ये, विजयदुर्गाच्या टापूत तुळाजी आंग्र्यांनी वलंदेजांच्या तीन जहाजांना गाठलं; दोन जाळली, एक पकडलं. आमच्या बाजूच्या इतिहासात ती तीन जहाजं आंग्र्यांच्या आरमाराचा पराक्रम म्हणून येतात आणि तसा तो होताच. पण बुल्व्हरहाइथहून परत आल्यापासून तो प्रसंग वाचताना मला त्या जळणाऱ्या जहाजांच्या खालच्या मजल्यावरची जर्मन पोरं दिसतात.

हेस्टिंग्जमधल्या लोकांना जहाज माहीत होतंच. सुकतीला दिसायचं, पोरं खेळायला जायची. ते जगाला कळलं १९६९ मध्ये. जवळच सांडपाण्याची नळी समुद्रात नेण्याचं काम चालू होतं. तिथल्या कामगारांनी एका सुकतीला खोदाईचं यंत्र थेट जहाजात घातलं. यंत्राच्या दातांखालून दारूच्या बाटल्या निघाल्या, काहींत दारू अजून होती. काशाच्या तोफा निघाल्या. बातमी पसरली आणि सव्वादोनशे वर्षांपूर्वीचीच झुंबड पुन्हा उडायची वेळ आली. लंडनच्या गिल्डहॉल संग्रहालयातले पुरातत्त्वज्ञ पीटर मार्सडेन तिथं पोचले आणि त्यांनी ते थांबवायचा आग्रह धरला. यंत्राने एका तासात जे उपसलं, त्यातली कुठली वस्तू कुठल्या मजल्यावर, कशाशेजारी होती, हे आता कधीच कळणार नाही. वस्तू वाचते, तिची जागा हरवते. मार्सडेन यांनी नंतर या जहाजावर सविस्तर पुस्तक लिहिलं.

१९७३ साली ब्रिटनने बुडालेल्या जहाजांच्या संरक्षणाचा कायदा केला आणि पुढच्याच वर्षी ‘आम्स्टरडॅम’ त्यात आलं. जहाजाची मालकी आजही डच सरकारची, कारण कंपनी मोडल्यावर तिचं सगळं सरकारकडे गेलं. १९८४ ते ८६ अशी तीन वर्षं डच आणि इंग्रज पुरातत्त्वज्ञांनी मिळून उन्हाळ्यात खोदकाम केलं. बरंचसं काम पाणबुड्यांचं, कारण भरतीला जागा पाण्याखाली जाते. जोडे निघाले, चिलमी निघाल्या, रोजच्या वापरातल्या असंख्य वस्तू निघाल्या. मग खड्डा भरून काढण्यात आला. पूर्ण जहाज वर काढायचं, आम्स्टरडॅमला न्यायचं, असं स्वप्न होतं. ते खर्चापुढे टिकलं नाही. त्याऐवजी शेकडो स्वयंसेवकांनी आम्स्टरडॅममध्ये त्याची हुबेहूब प्रतिकृती बांधली आणि ती १९९० ला पुरी झाली. आज तिथल्या सागरी संग्रहालयाच्या धक्क्याला ती उभी आहे. सोनेरी रंग, शिडांच्या दोऱ्या, शाळेच्या सहली. ती पाहावी. पण मूळ जहाजाचा बहुतेक भाग, आतल्या मालासकट, इथं चिखलातच आहे.

हेस्टिंग्जच्या जुन्या गावात, किनाऱ्यावरूनच होड्या ढकलणाऱ्या कोळ्यांची वस्ती आहे. जाळी ठेवायच्या काळ्या, उंच, अरुंद लाकडी खोल्या ओळीने उभ्या. तिथं फिरताना मला वेंगुर्ल्याच्या बंदरावरची सकाळ आठवली. तोच वास, तशीच ओरडाओरड, मासळीच्या पेट्या तशाच सरकवल्या जात होत्या. त्याच वस्तीत ‘आम्स्टरडॅम’मधल्या वस्तू मांडलेलं संग्रहालय आहे. मी एका जोड्यासमोर बराच वेळ उभी राहिले. चामड्याचा, साधा, टाचेशी झिजलेला. मोठा नव्हे. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाचाही असू शकेल. वखारीच्या भिंतींनी मला जे तीस-चाळीस वर्षांत सांगितलं नव्हतं ते त्या झिजलेल्या टाचेने सांगितलं: वेंगुर्ल्याच्या वखारीतही असेच जोडे वाजले असतील. गोव्यावर डोळा ठेवणारे अधिकारी वेगळे. तांदळाची पोती मोजणारा, पावसाळ्यात तापाने फणफणलेला, रोख्यावर विकलेला कुणी हान्स किंवा कुणी यान तिथंही असणार. आमच्या गावात त्यांची थडगी कुणी शोधलेली मला माहीत नाही. शोधायला हवीत.

त्या सकाळी जहाजापाशी उभ्या असतानाच सहा वाजून गेले आणि उजाडलं. कुत्र्याला फिरवायला आलेले एक आजोबा आमच्याजवळ थांबले. कुठून आलात, विचारलं. भारतातून, म्हटल्यावर म्हणाले, म्हणजे हे जहाज तुमच्याच बाजूला निघालं होतं. तुमच्या बाजूला, पण तुमच्या गावाला नव्हे, असं सांगायला हवं होतं. १७४९ पर्यंत कंपनीला वेंगुर्ला सोडून पन्नासहून अधिक वर्षं झाली होती. मी नुसती मान हलवली. त्यांनी हातातल्या काठीने एका लाकडाचं टोक दाखवलं. तिथं दोन जाड फळ्यांच्या मधे एक गोल लाकडी खुंटी ठोकलेली दिसत होती. लोखंडी खिळा नव्हे, लाकडी. ठोकणाऱ्याने ती इतकी घट्ट बसवली आहे की पावणेतीनशे वर्षांच्या भरत्या तिच्यावरून गेल्या तरी ती जागची हललेली नाही. मी वाकून बोट लावलं. थंड, गुळगुळीत, आणि फळीच्या पातळीला अगदी सपाट. मालवणात होड्या बांधणाऱ्या सुतारांनाही ती आवडली असती.

पाणी वळलं तेव्हा ते कळलं नाही. आधी घेराच्या मधलं डबकं हललं. मग समुद्राकडच्या बाजूचे खुंट एकेक करून दिसेनासे झाले. इथली भरती वेगाने येते, आम्ही मागे फिरलो. गोट्यांच्या उतरणीला लागायच्या आधी माझा पाय एका ओंडक्याला अडखळला. मला वाटलं, जहाजाचाच तुकडा वाहून आला असेल. नीट बघितलं. साल शाबूत होती, मुळं अजून मातीत रुतलेली. जहाजाच्या कितीतरी आधी बुडालेल्या त्या जंगलातलं झाड होतं ते. आम्ही त्याला वळसा घातला आणि वर चढलो.